कीर्तनात न आलेला दृष्टांत

दीपमाला कीर्तनाला उभी राहिली की वारंगा फाट्यापासून कळमनुरीपर्यंतच्या गावांतल्या बाया चुलीवरचं उतरवून ठेवून यायच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली लेक, दिवसा झेडपीच्या शाळेत मास्तरीण, आणि सप्ताहाचे दिवस आले की कपाळाला बुक्का लावून, गळ्यात टाळ अडकवून उभी. आवाज असा की लाइट गेली, भोंगा बंद पडला, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीचं काही अडत नसे. वडील मसाजी महाराज स्वतः नावाजलेले कीर्तनकार. दम पुरेना तसे ते लेकीच्या मागं वीणा घेऊन उभे राहू लागले. नवरा शिवहार मृदंगावर. घरातल्या घरात कीर्तनाचा सगळा संच तयार, असं लोक कौतुकानं म्हणत.

कीर्तन संपलं की पाया पडायला रांग लागायची. आणि त्या रांगेतच दीपमालाच्या जिवाला घोर लागला होता. पायाशी वाकलेली बाई उठता उठता कानाशी हळूच काहीतरी सांगून जायची. ताई, नवरा बोलतच न्हाई. ताई, पोरगी जेवत न्हाई. ताई, मला रोज विहिरीकडं जावंसं वाटतं. मागची बाई ढकलत असायची, पुढची हात सोडत नसायची. दीपमाला डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "नाम घे माय, पांडुरंग बघून घेईल." बाई जायची आणि पुढच्या वर्षीच्या सप्ताहात तेच दुःख घेऊन पुन्हा वाकायची. पांडुरंग बघतो यात दीपमालाला तिळभर शंका नव्हती. पण बघायला त्याला कुणाचे तरी डोळे लागतात आणि ऐकायला कुणाचे तरी कान, असं तिला आतून वाटू लागलं.

म्हणून दोन हजार चार साली नांदेडला समुपदेशनाचा शनिवार-रविवारचा कोर्स निघाल्याचं कळल्यावर तिनं नाव घातलं. गावाला हसायला विषय झाला.

"बोलायचं शिकायला चालली व्हय?" भागाबाईनं, म्हणजे तिच्या आईनंच, पहिला टोला दिला. "तुला गप कसं बसावं ते शिकवणारं कोन हाय का तिथं?"

"तेच शिकवतात माय."

"मग शिवहाररावाला सांग, फी दुप्पट भरा म्हनावं."

शिवहारनं मृदंगाला कणीक लावता लावता मान खाली घालून हसू लपवलं.

आईचं बोलणं चेष्टेचं, पण नांदेडच्या वर्गात ते खरं ठरलं. तिथल्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम सराव घ्यायच्या. एकीनं अडचणीत सापडलेली बाई व्हायचं, दुसरीनं ऐकायचं. पहिल्याच सरावात समोरची बाई "माझी सासू..." एवढंच म्हणाली आणि दीपमालाला पूर आला. तिनं राजाच्या बागेतल्या पोपटाचा दृष्टांत काढला, सासूला पिंजरा केलं, सुनेला पोपट केलं आणि शेवटी पिंजऱ्याचं दार आतूनच उघडतं म्हणून असा काही समारोप केला की सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सत्यशीला मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "छान. आता ही बाई काय सांगत होती, ते सांगा."

दीपमालाला सांगता येईना.

"तुमच्या कीर्तनाला मी मुद्दाम येईन," मॅडम म्हणाल्या, "पण या खुर्चीत बसल्यावर समोरच्या माणसाचा दृष्टांत करायचा नाही. त्याला माणूसच राहू द्यायचं."

त्या दिवशी परतीच्या एस्टीत दीपमाला खिडकीला डोकं टेकून बसली आणि मनाशी म्हणाली, टाळ धरायला हाताला घट्टे पडेपर्यंत शिकले, हेही तसंच शिकेन. पुढचे महिने ती खरंच तशी झुंजली. समोरचा बोलत असताना जिभेवर गोष्ट आली की दातानं ओठ धरायचा, मनात विठ्ठल विठ्ठल म्हणायचं आणि थांबायचं. हळूहळू माणसं तिच्यापुढं दुसरं वाक्य बोलू लागली, मग तिसरं.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम आलं. कळमनुरीच्या एका कॉलेजनं खेळाच्या सामानाची खोली दिली. कॅरमचे बोर्ड, लेझीम, फाटलेलं जाळं एका कोपऱ्यात आणि दोन खुर्च्या दुसऱ्या. दर बुधवारी शाळेतून दुपारची सुटी काढून दीपमाला तिथं बसायची. बारावीतली शितल राठोड तिच्याकडं आली ती अशीच, डोकं दुखतं म्हणून. जवळच्या तांड्यावरची पोरगी, वडील मोहनसिंग, आजी नानीबाई, जिला ती दादी म्हणायची. डोकं दुखण्याचं निमित्त लवकरच गळून पडलं. शितलची आई घर सोडून दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली होती. तांड्यावर मात्र घरच्यांनी सांगितलं होतं की ती आजारी भावाच्या सेवेला गेलीय. आणि शितल रोज संध्याकाळी जेवताना आईच्या जागेवर एक ताट वाढून ठेवायची.

"कुणाला सांगणार न्हाई ना मॅडम?"

"या खोलीतलं या खोलीतच राहील," दीपमाला म्हणाली. आणि ती ते मनापासून म्हणाली होती.

पण महिनाभरानं शेजारच्या गावात सप्ताह होता. अभंग विरहाचा निघाला. टाळकऱ्यांनी चाल अशी उचलून धरली की मंडप हलला. जीव देवासाठी कसा तळमळतो हे सांगताना दीपमालाच्या तोंडून आपोआप निघून गेलं, की अशी एक लेक आहे बरं का, जिची माय घर सोडून गेली आणि जी रोज मायच्या जागेवर ताट वाढते. येवो न येवो, ताट वाढलेलं! आपण देवासाठी एवढं तरी करतो का?

तिनं गाव बदललं होतं. कर्नाटकातली गोष्ट आहे म्हणाली होती. पोरीचं नाव तर घेतलंच नव्हतं. ताट तेवढं तसंच राहिलं. ते बदललं असतं तर दृष्टांतात उरलं काय असतं? बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मसाजी महाराजांचासुद्धा वीणा क्षणभर अडखळला. कित्येक वर्षांत असं कीर्तन झालं नाही, असं लोक म्हणाले.

मागच्या रांगांत तांड्यावरच्या बायाही होत्या. मोहनसिंगच्या दारावरून जाता-येता त्यांना ते जास्तीचं ताट रोज दिसायचं, आजवर त्याचा अर्थ कळला नव्हता. तो त्या दिवशी कळला.

पुढच्या बुधवारी शितल खोलीत आली, पण बसली नाही. दारातच उभी राहिली.

"माझं ताट तुमी साऱ्या मुलखाला वाढलं, मॅडम."

"शितल..."

"नळावर पोरी म्हनतात, आमालाबी एक ताट वाढ. तांड्याच्या नायकानं माझ्या बाला बोलावून पंचात बसवलं. बायको पळाली आन आमाला खोटं सांगितलं म्हनून. बा घरी आला आन ताट बाहेर फेकून दिलं." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तुमी रडल्या म्हनं कीर्तनात. दादी सांगत होती."

दीपमालानं तोंड उघडलं. नाव घेतलं नव्हतं, गाव बदललं होतं, हेतू चांगला होता, हे सगळं तिच्या जिभेवर एकदमच आलं. तिनं ते गिळलं.

"मी चुकले. तू विश्वासानं दिलं होतं, मी ते वाटून टाकलं."

शितल दारातूनच निघून गेली.

कुणी तक्रार करायच्या आत दीपमालानं स्वतःच सत्यशीला मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला दुसऱ्या कुणाकडं जायचं असेल तर मी सोय करते. तसा निरोप प्राचार्यांमार्फत जाईल. तुम्ही तांड्यावर माफी मागायला जायचं नाही. तुम्ही तिथं पाय ठेवला की लोकांना नवा अध्याय मिळेल."

"मग मी काय करू?"

"दर बुधवारी त्या खोलीत बसा. दुसरं कुणी मी तुमच्याकडं पाठवणार नाही. ती आली आणि तिनं म्हटलं की यांच्यापुढं बोलायला हरकत नाही, तर तुमचं काम पुढं सुरू. नाही आली तर तुमचा कोर्स इथंच थांबला. एका पोरीचं राखता आलं नाही, तर शंभर जणींचं तुमच्या हातात कसं देऊ?"

"ती नाहीच आली तर?"

"तर तुम्ही फार चांगल्या कीर्तनकार आहात. तेही काही कमी नाही."

हे शेवटचं वाक्य दीपमालाला सगळ्यात जास्त झोंबलं. दीड वर्ष ती एस्टीचे धक्के खात, शनिवार-रविवारी घर आईवर टाकून नांदेडला गेली ती काही पुन्हा पाया पडणाऱ्या बायांच्या डोक्यावर नुसता हात ठेवायला नाही.

घरी मसाजी महाराजांना हे सगळं चमत्कारिक वाटलं. मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाशी बसून ते कोकराला दूध पाजत होते.

"दीपे, कीर्तनात लोकाचंच सुखदुःख येत असतं. रानात भेटलेला, बाजारात भेटलेला मानूस मी जन्मभर कीर्तनात आनला. मग दृष्टांत काय आभाळातून पाडावा?"

"रानातलं आना आबा, बाजारातलं आना. दार लावून कुणी मला सांगितलं, ते माझं न्हाई."

"पन त्यातच तर रस असतो!"

"व्हय. म्हनूनच."

म्हाताऱ्यानं कोकराच्या तोंडावरचं दूध पुसलं. "मग तुझं अर्धं कीर्तन गेलं म्हन."

"जाऊ द्या."

"लोक बोलावनार न्हाईत."

"न्हाईत तर न्हाईत." ती उठली, तेव्हा तिच्या हनुवटीकडं बघून मसाजींनी पुढं वाद घातला नाही. ती हनुवटी त्यांचीच होती.

मग बुधवार येत गेले. दीपमाला वेळेवर जायची, खुर्च्या पुसायची, समोरासमोर न ठेवता जराशा तिरक्या ठेवायची आणि बसायची. कॉलेजचा शिपाई गुलाबचंद डोकावायचा. "मॅडम, आज भी कोई नही? मग पंखा काहून फिरवून राहिले?" ती हसून पंखा बंद करायची. कधी कोपऱ्यातल्या लेझमीवर वाऱ्यानं किणकिण व्हायची आणि तिला वाटायचं दार वाजलं. तिथं बसून ती जप करत नसे. तो मोह व्हायचा, पण जप केला असता तर वेळ बरा गेला असता, आणि मॅडमनी तिला वेळ घालवायला बसवलं नव्हतं. शितल जे बोलली होती ते ती मनात पुन्हा पुन्हा ऐकायची. तेव्हा तिला कळलं की ताटाचं ऐकल्याबरोबर आपण पुढचं ऐकायचंच सोडलं होतं. ताटाला भुललो आणि पोरगी राहून गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका बुधवारी शितल आली. सरळ आत येऊन बसली.

"दुसरीकडं जायचं असेल तर सोय होते, तुला सांगितलं ना प्राचार्यांनी?" दीपमालानं आधी तेच विचारलं.

"सांगितलं. नांदेडला कोन जाईल? इथंच सांगते." मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं सुरुवात केली. "मंगळवारच्या बाजारात याडी येती मॅडम." याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. "पंचानं बोलायला बंदी केलीय. बोललं की दंड. म्हनून आमी बोलत न्हाई. ती कासाराच्या पालात येऊन बसती, मीबी शेजारी बसते. एकमेकीकडं बघायचं न्हाई. कासारीन मावशीला समदं ठावं हाय. ती एकाच जोडातल्या बांगड्या घेती. अर्ध्या याडीच्या हातात भरती, अर्ध्या माझ्या. आमी उठून दोन वाटांनी जातो. पन हात हालला की इकडं ज्या वाजतात, त्याच तिकडंबी वाजतात."

दीपमालाच्या अंगावर सरसरून काटा आला. पोरीच्या दुःखानं आला, पण खोटं कशाला बोला, नुसता तेवढ्यानंच आला नाही. तिच्यातली कीर्तनकार ताडकन उठून उभी राहिली होती. जीव आणि शिव, एकाच जोडातले! बोलणं बंद, नाद एक! असा दृष्टांत जन्मात एकदा मिळतो. तिनं दातानं ओठ धरला.

"आणि बाजार उठल्यावर तू घरी जातेस, तेव्हा?" तिनं विचारलं.

शितलनं चमकून वर बघितलं. हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा. "तेव्हा काय? जाते," एवढंच म्हणून ती गेली. यांच्यापुढं बोलायला हरकत नाही, असं काही ती म्हणाली नाही.

चार दिवसांनी दीपमालाच्याच गावच्या सप्ताहाचा काला होता. सकाळचं कीर्तन, मंडप खचाखच भरलेला, लाह्या-दह्याची पातेली झाकून ठेवलेली. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि तुझं-माझं राहिलं नाही, हा विषय. सुरुवात बरी झाली. पण मध्यावर आलं तसं ऊन चढलं, पोरं लाह्यांकडं बघू लागली, पुरुष मंडळी उठून पान लावायला निघाली. कीर्तन हातातून सुटत चाललेलं कीर्तनकाराला पायाखालच्या वाळूसारखं कळतं. इथं दृष्टांत पाहिजे होता. टाळकरी तिच्या तोंडाकडं बघत होते, शिवहारनं थाप हलकी करून वाट मोकळी दिली होती.

"तर मायबाप हो, दोन जीव असतात..." ती म्हणाली.

आणि बांगड्या आल्या. हिरव्यागार, एकाच जोडातल्या, अगदी दातांच्या आत येऊन थांबल्या. एक वाक्य, की हा मंडप पुन्हा रडणार होता. कासाराचं पाल बदलून सोनाराचं दुकान करता आलं असतं, मायलेकींच्या बहिणी करता आल्या असत्या. नुसत्या बांगड्या ठेवायच्या.

मागच्या वेळीही नुसतं ताटच ठेवलं होतं.

दीपमाला गप्प उभी राहिली. मंडपात कुजबुज झाली. भागाबाईला वाटलं पोरीला भोवळ आली, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. दीपमालानं मानेनंच नको म्हटलं, टाळ उचलले आणि अभंगाचं धृपद पुन्हा धरलं. शिवहार क्षणभर गोंधळला, मग त्यानं ठेका दिला. चरण पुन्हा झाला, तिसऱ्यांदा झाला. अर्थ तिनं साधा सांगितला, शाळेत पोरांना सांगावा तसा. कुणी रडलं नाही. लाह्यांचा प्रसाद वाटेपर्यंत निम्मा मंडप रिकामा झाला होता.

"आज काही रंग भरला न्हाई ताई," एका म्हातारीनं पाया पडता पडता सांगितलंच.

"व्हय माय, न्हाई भरला."

मसाजी महाराज वीण्याला गवसणी घालत होते. "दोन जीव असतात, आन पुढं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढचं माझं नव्हतं, आबा."

म्हाताऱ्यानं गवसणीची गाठ मारली. मग म्हणाला, "जिभेवर आलेलं परत आत घालायला मला या वयातबी जमलं नसतं." आणि प्रसादाचा द्रोण आधी तिच्या हातात दिला.

त्या बुधवारी शितल दीपमालाच्याही आधी येऊन बसली होती. खुर्च्या तिनंच तिरक्या लावल्या होत्या.

"काल्याला आमी होतो, मॅडम. मी आन दादी. मागं, भोंग्याच्या बल्लीला टेकून."

"मला दिसल्या नाहीत."

"दिसायचंच नव्हतं." शितलनं खाली बघितलं, मग सरळ वर. "ते बांगड्यांचं खोटं हाय."

"खोटं?"

"रचलं मी. दादी म्हनली, ह्या बाईला एवढं चांगलं देऊ की तिला ऱ्हावनारच न्हाई. कीर्तनात आलं तर समजायचं, मानूस सुधरत नसतं. तुमी दोन जीव म्हनल्या ना, तेव्हा दादीनं माझा हात धरून ओढला, चल म्हनली, झालं हिचं. मी म्हनलं, थांब."

दीपमालाला आधी राग आला. सगळ्या मंडपात फजिती झाली ती एका बनावट गोष्टीसाठी! मग हसू आलं, ते तिला आवरेना, आणि शितललाही आवरेना. दोघी तोंडावर हात धरून हसल्या. गुलाबचंद दाराशी येऊन बघून गेला.

हसू ओसरलं तसा दीपमालाचा चेहरा उतरला. "म्हणजे आई बाजारात येत नाही."

"न्हाई."

दीपमालाच्या जिभेवर धीराचे चार शब्द आले, ते तिनं येऊ दिले आणि जाऊ दिले.

"तुमच्या नांदेडच्या मॅडमला सांगा, मला दुसरीकडं जायचं न्हाई," शितल म्हणाली. "त्या दिवशी तुमी इचारलं ना, बाजार उठल्यावर घरी जाते तेव्हा काय? ते खरं हाय. बाजार खोटा, पन घरी जानं खरं हाय. ते सांगू का?"

दीपमालानं मान हलवली. शितल बोलू लागली.

ती काय बोलली ते तिचं आहे. गोष्ट सांगणाऱ्यानंही ते मागू नये आणि ऐकणाऱ्यानंही. एवढं खरं, की मधे एकदाही दीपमालानं तिचं वाक्य पुरं केलं नाही. कॉलेज सुटल्याची घंटा झाली, व्हरांड्यातला गलबला येऊन ओसरला, तरी पोरगी बोलत होती आणि बाई ऐकत होती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा गुलाबचंद कुलूप घेऊन उभाच होता. शितल फाट्याच्या दिशेनं लांब गेल्यावर त्याला राहवेना. "इतना टाइम काय सांगत होती मॅडम? आधी हसली, मग रडली वाटते."

"गुलाबचंदभाऊ," दीपमाला चप्पल घालत म्हणाली, "पुढच्या बुधवारी पंखा बंद करायला लावू नका. ती येणार आहे."